कूलरची खोली

प्रफुल्लनं छोटा हत्ती टेम्पो फाटकाशी उभा केला, तशी त्याची बहीण रूपाली म्हणाली, "दादा, तू बसून राह्य. शिलाई मशीन अन् कपाट, बस. बाकी या घरातलं मले काई नाई पायजे."

माहेराहून, आष्टीहून, ती सासरी केळझरला तेवढ्यासाठीच आली होती. भाद्रपदात तिनं लिसिएंथस या विलायती फुलाचं बी ट्रेमध्ये टाकलं आणि त्यावरूनच घरात ठिणगी पडली. "हरभऱ्याची जागा अडवून फुलं? अन् फूलही असं, का देवाले वाहत नाई, वेणीत माळत नाई!" नवरा, अंकुश, कडाडला होता. नागपुरात गुलदस्त्यांना हीच फुलं लागतात, ती कशी जपायची, सगळं रूपालीनं घसा सुकेपर्यंत सांगितलं. तो मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. भिंतीशी किती दिवस संसार करायचा? ती माहेरी निघून गेली. दिवाळीलाही परतली नाही.

आत शिरताना तिची नजर आधी शेडनेटकडं गेली. ट्रे नव्हते. फेकले असणार. तिचं मन आणखी घट्ट झालं.

ओसरीत अंकुशची बाज होती, वर गोधडी. सासू, नलूबाई, पुढं आल्या. "कपाट नेतेस त ने बाई. पन दार हळू लोट."

दोघांच्या खोलीत पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला. खिडकीपासून दारापर्यंत फळ्यांवर नुसते ट्रे, आणि त्यांत करड्या-हिरव्या पानांची रोपं दाटलेली.

"उन्हाची काहिली होती तोवर कूलर याह्यच्यापाशी," नलूबाई म्हणाल्या, "अन् माहा पोरगा बाहेर मच्छरात."

मागं अंकुश येऊन उभा राहिला होता. रूपालीनं वळून पाहिलं नाही.

"गरमी लागली का हे रोप बसून जाते," तो चाचरत म्हणाला. "मग त्याले दांडाच येत नाई. म्हनून आत आनले."

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"तूनंच. भांडतानी."

बाहेर हॉर्न वाजला. रूपालीनं एक ट्रे उचलून खालून पाहिला. भोकांतून पांढरी मुळं डोकावत होती; रोपं लावणीला आली होती. तिनं तो अलगद खाली ठेवला, डोळे पदरानं पुसले आणि फाटकाशी गेली.

"दादा, उतर खाली, जेवून घे," ती म्हणाली. "गाडी रिकामीच ने. मले आजच रोपं लावाची आहेत."