अजून सुई टोचली नाही

वर्षानुवर्षं कंबरेच्या दुखण्यानं पिचलेली सिताबाई ऑपरेशनच्या टेबलावर पाठ वाकवून बसली होती. समोर उभ्या धनाजीनं आईचे खांदे धरले होते. डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, "आज मणक्यात एकदाच औषध सोडून बघू. दुखणं कमी झालं, तरच पोटात पंप बसवायचा. मग तो हेच औषध मणक्यात सोडत राहील. म्हणून आजी, वाटेल ते खरं सांगायचं."

पाठीला गार लागलं, तशी सिताबाईनं लेकाच्या उतरलेल्या तोंडाकडं बघितलं.

"धना, राहिलं बग दुखायचं. लई बरं वाटतंय. आता जिवाला घोर लावून घिऊ नगंस."

धनाजीचा जीव भांड्यात पडला.

तोच मागून डॉक्टर म्हणाले, "आजी, अजून सुई टोचली नाही. नुसती पाठ पुसलीय."

सिताबाईनं मान खाली घातली.

मागल्या चंपाषष्ठीला धनाजीनं अणदूरच्या खंडोबाचा भंडारा तिच्या कंबरेला लावला होता. तेव्हाही ती "लई बरं वाटतंय" म्हणाली होती, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला पुन्हा मेंढरांमागं धाडलं होतं.