बारचा आडोसा

कुंभारवाड्यात परशू पितो हे कोंबड्यांनाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. पण दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाताना कुणी बघितलं असतं, तर गावभर दारुडा म्हणून नाव झालं असतं. जाणं तर भाग होतं. मीटिंगला बसल्याशिवाय नांदायला येणार नाही, असा शांतीचा माहेरून निरोप होता. म्हणून रविवारी रामनगरला उतरून, तोंडाला टॉवेल गुंडाळून, तो बारमागच्या हॉलपाशी पोचला. दारात शेजारचा महाबळेश्वर उभा. त्याच्याही तोंडाला टॉवेल.

"परशू? हितं काय करतोस रं?"

"प्यायला आलोय, अण्णा. तुम्ही?"

"मी बी प्यायलाच की."

आता इलाज नव्हता. आपापली इभ्रत सांभाळत दोघे बारमध्ये शिरले. ग्लास भरून आले. "तू घे", "न्हाई अण्णा, तुम्ही आधी" करण्यात बराच वेळ गेला, पण ग्लासाला कुणी हात लावेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या आणि दोघांच्याही माना तिकडे वळल्या.

"मीटिंग सुटली वाटतं," महाबळेश्वर हळहळला.

"एवढ्यात न्हाई सुटत. एकेक जण उठून आपलं सांगतो, त्याच्या टाळ्या त्या."

"तुला रं कसं ठाऊक?"

"गेल्या रविवारी बी हितंच बसलो हुतो, अण्णा. तुमच्या मेव्हण्यासंगं. त्येनं बी ग्लासाला हात लावला न्हाई."