हसण्याचा अर्ज

"रोज चार्ज करा, पाण्यापासून जपा, आणि सेटिंग झालं की यंत्र तुमच्या फोनच्या ब्लूटूथमधून काढून टाका, ताई," कानयंत्रवाल्याने बजावलं होतं. तेव्हा कडेवरचं बाळ त्याचं पावतीपुस्तक ओढत होतं. "हो हो," म्हणत तिने फोन पर्समध्ये टाकला आणि बाळाची मूठ सोडवली.

यंत्र शेजारच्या आजींचं होतं. आजींकडे बटणांचा साधा फोन, म्हणून सेटिंगपुरता हिचा फोन यंत्राला जोडला. आजींचा मुलगा दूरच्या शहरात. तो फोनवर म्हणाला, "वहिनी, उपकार झाले. आता आईवर तेवढं लक्ष ठेवा. जरा काही वेगळं वाटलं तर कळवा. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय मी."

लक्ष ठेवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. बाळ झोपलं तरी ती दर पाच मिनिटांनी त्याच्या नाकापुढे बोट धरून बघायची.

तिची स्वतःची अशी एकच वेळ होती, दुपारी दोन ते तीन. बाळ झोपलं की एका कानात ब्लूटूथचा इयरफोन घालायचा, दुसरा कान बाळासाठी मोकळा ठेवायचा, आणि भांडी घासता घासता कादंबरी ऐकायची. होती शाळकरी पोरांसाठी, पण भलतीच खट्याळ. एका शाळेचा हेडमास्तर फतवा काढतो, परवानगीशिवाय हसायचं नाही. हसू आलं तर तीन प्रतींत अर्ज करा, कारण लिहा, पालकांची सही आणा. मग नववीतली एक पोरगी अख्ख्या वर्षाच्या हसण्याचा आगाऊ अर्ज टाकते. वाचणारी बाई हे सगळं इतक्या कोरड्या आवाजात वाचायची की हिला ओठ दाबून धरावे लागायचे.

पंचाईत एकच. गोष्ट ऐन रंगात आली की भिंतीपलीकडून आजींचं हसू यायचं. चांगलं खदखदून. घरात ना टीव्ही, ना पाहुणा. बाळ उठेल म्हणून ती आधी वैतागली. मग घाबरली.

एकदा जिन्यात तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजी, दुपारी कुणी येतं का हो तुमच्याकडे?"

"माझ्याकडे? कोण येतंय मरायला!" म्हणत आजी गालातल्या गालात हसल्या.

तिने आजींच्या मुलाला काही कळवलं नाही. हसण्याबद्दल म्हातारीची तक्रार करायची, म्हणजे आपण त्या हेडमास्तरच्याच पंगतीला बसलो की. म्हटलं, बघू अजून थोडं.

मग बाळाला ताप आला. चार दिवस कादंबरी नाही, धड जेवण नाही. पाचव्या दिवशी सकाळी बाळाने भाताची वाटी भिरकावली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. आणि मग लक्षात आलं, चार दिवस भिंतीपलीकडे चिडीचूप. तिने गॅलरीतून डोकावून पाहिलं. आजी खुर्चीत नुसत्या बसून होत्या, कानाशी चाळा करत, चेहरा पडलेला.

 तिने आजींच्या मुलाला मेसेज लिहायला घेतला, 'भाऊ, आजी आधी एकट्याच हसायच्या. आता हसतही नाहीत, बोलतही नाहीत. तुम्ही येऊन एकदा...'

बोट पाठवायच्या बटणावर आणि बेल वाजली.

दारात आजी. "बाळ कसंय गं?"

"उतरला ताप. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? पण तू जोडून दिलेलं हे यंत्र बिघडलं बघ," आजींनी कानावर टिचकी मारली. "बोललेलं येतं ऐकू, पण चार दिवस झाले, दुपारची गोष्टच लागत नाही! आमच्या शाळेतला हेडमास्तर अस्साच होता, तीस वर्षं त्याच्या ऑफिसात अर्ज फायलीला लावलेत मी. त्या पोरीचा अर्ज मंजूर झाला की नाही, तेवढं बघतेस का?"