भिकुबाईनं न घेतलेलं नाव

"मी कोण शे, सांग बरं?" भाकरीचा घास भरवता भरवता कौतिकआबांनी बायकोला विचारलं.

भिकुबाईनं कपाळावर पदर ओढला, मान वळवली. नाव काही घेतलं नाही.

आबांनी सुटकेचा श्वास टाकला अन् पुढचा घास दुधात भिजवला.

वर्षभरात ती बठ्ठं विसरली होती. शेजारच्या ताईबाईला आई म्हणायची. पीठ मळायला घ्यायची आणि हात परातीत तसाच ठेवून बसून राहायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, एवढं मात्र पक्कं उरलं होतं.

आबाच तिची वेणी घालत, तिला न्हाऊ घालत. शेत त्यांनी अर्धलीनं देऊन टाकलं होतं. कोणी भेटायला आलं, की तिच्याजवळून हलत नसत.

"आबा, मी बसते घटकाभर हिच्यापाशी. तुम्ही पारावर जाऊन या," ताईबाई म्हणाली.

"नको."

"थोरला भाऊ गेल्यावर पाट लावून केलेली बायको, तरी केवढा जीव! मी लग्नाची शे, पण कपाळ दुखलं तर आमचं माणूस म्हणतं, आधी चहा टाक, मग नीज."

आबा हसले.

दुपारी भिकुबाईचा भाऊ वना फैजपूरहून आला. पाचोऱ्याहून केलेला टांगा त्यानं दारातच थांबवून ठेवला.

"दाजी, अक्काला नेतो. घरात तीन बाया आहेत, आळीपाळीनं बघतील. तुमची काय दशा झाली, आरशात पाहिली का?"

"ती माझ्याशिवाय राहायची नाही."

"तिला तुम्ही आठवता तरी का?"

"माझं नाव घेत नाही अजून. आणखी काय पाहिजे?"

ताईबाईनं डोळ्यांना पदर लावला. वनाही जरा वरमला.

"बरं. एकदा माझ्यासमोर विचारतो. ओळखलं, तर टांगा रिकामा जाईल."

"उगा छळू नको तिला," म्हणत आबा घाईनं उठले.

वना तोवर बहिणीपुढे बसला होता. "अक्का, हे कोण?"

भिकुबाईनं आबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पदराकडे हात गेला नाही. मग ती खुदकन हसली.

"कौतिकभाऊजी की! भिऊ नका हो भाऊजी. तुमच्या दादांना तुम्ही विहिरीत ढकललं, ते मी कुणालाच सांगितलं नाही."