उतरता घाव

गुलाबरावांनी ऐनाच्या झाडावर कंबरेएवढ्या उंचीवर खडूने रेघ ओढली आणि लाकूडतोड्या देवाजीला बजावलं, कुऱ्हाड इथंच चालली पाहिजे, बोटभरही खाली नाही. साल जितकी फाटेल तितकी बरी.

हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या कारखान्यामागे त्यांनी मांडव घातला होता. वर फलक, ‘यंत्र अपनाओ, जंगल बचाओ’. कारखान्यात बनवलेला पेट्रोलवरचा आरा, म्हणजे यंत्रकरवत, टेबलावर हार घालून ठेवला होता. जंगल वाचवायचं म्हणून आज मांडीएवढ्या जाडीची दोन झाडं पडणार होती, एक कुऱ्हाडीने, एक आऱ्याने. कुऱ्हाड लाकडाची किती नासाडी करते हे भोपाळहून येणाऱ्या वनखात्याच्या साहेबांना दिसलं की आऱ्यांची ऑर्डर पक्की. बदल्यात देवाजीला कारखान्याची चौकीदारी.

देवाजीची बायको भागीरथा पाहुण्यांना पाणी द्यायला आली होती. ती रेघ बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भंडाऱ्याच्या जंगलात कटाईवर ती वीस वर्षं नवऱ्याच्या मागे फांद्या तोडत फिरली होती. त्याचा घाव जमिनीपासून वीतभर, उतरता, सालीला ओरखडा नाही. खुंटावर पाणी थांबायचं नाही आणि वर्षभरात त्याच खुंटाला धुमारे यायचे. आणि तोच माणूस आता आपलीच अब्रू वेशीवर टांगायला मान डोलवत उभा होता.

ती जवळ गेली. “इतक्या वर कावून मारता? खुंट मरन ना.”

“मरू दे,” देवाजी तिच्याकडे न बघता म्हणाला. “चौकीदारी पायजे का नाई तुले?”

पाहिजे तर होती. ठेकेदाराकडचं काम सुटून सहा महिने झाले होते. ती पाण्याचा तांब्या घेऊन मांडवाकडे वळली.

साहेब आले, समोसे झाले. देवाजीने नवशिक्यासारखे वेडेवाकडे घाव घातले. झाड पडलं, मागे कंबरेएवढा फाटका खुंट उरला. पुरानी पद्धत म्हणजे हीच, असं गुलाबरावांनी छडी दाखवून सांगितलं. सकाळी खडूने रेघ ओढणारा हाच हात आता जंगलासाठी हळहळत होता. साहेब लोक चुकचुकले. देवाजीही मान हलवत होता, जणू खुंट दुसऱ्याच कुणाचा.

मग आरा आला. सात वेळा दोरी ओढल्यावर तो सुरू झाला आणि दुसरं झाड जमिनीलगत सपाट कापलं गेलं. टाळ्या पडल्या. देवाजीनेही वाजवल्या.

त्या टाळ्या मात्र भागीरथाला सोसवल्या नाहीत. तिने पदर खोचला, जमिनीवर पडलेली कुऱ्हाड उचलली आणि फाटक्या खुंटाशी वाकली. गुलाबराव दात आवळून देवाजीला म्हणाले, आवर तिला. देवाजी जागचा हलला नाही. चौकीदारी गेली हे तिला पहिल्याच घावाला कळलं होतं. तिने दुसरा घातला.

थोड्या वेळाने वरचा ओंडका बाजूला पडला. खाली वीतभर खुंट उरला, तिरपा, गुळगुळीत, साल जशीच्या तशी. एक म्हातारे साहेब खुर्चीवरून उठले, वाकून त्यांनी त्यावर हात फिरवला.

“ये किसने सिखाया?”

भागीरथाने कुऱ्हाडीच्या दांड्याने नवऱ्याकडे दाखवलं.

“यायनंच,” ती म्हणाली. “चौकीदार व्हाच्या पयले.”