उंचावरची खुर्ची

"ताई, एकदा दांडा खाली आला की मधेच उठता येणार नाही. भीती वाटत असेल तर आत्ताच उतरा," पाळण्यावरचा माणूस म्हणाला.

"मधनं कुणालाच उठता येत न्हाई?" आक्काबाईने विचारलं.

"कोणालाच नाही."

"मग लावा."

खट्ट आवाज झाला आणि लोखंडी दांडा तिच्या खांद्यांवरून छातीवर घट्ट बसला. पाठीमागे मान मोडेल इतका उंच मनोरा होता. त्याच्या चारी बाजूंनी खुर्च्या होत्या. त्या हळूहळू वर न्यायच्या आणि टोकावरून एकदम सोडून द्यायच्या, एवढाच काय तो खेळ. यासाठी लोक पैसे देऊन रांगेत उभे राहतात, हे सकाळी कोणी सांगितलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं.

आक्काबाई दौंड तालुक्यातल्या एका गावची सरपंच. ग्रामपंचायतीचा अभ्यास दौरा कोकणातलं आदर्श गाव बघायला निघाला होता. अभ्यास कालच उरकला आणि परतीच्या वाटेवर गाडी मुंबईकडच्या या पाळण्यांच्या बागेत वळली. कोणाच्या सांगण्यावरून वळली, हे विचारायचं कारण नव्हतं. गावची कोणतीही गाडी उपसरपंच हौसराव आप्पांच्याच सांगण्यावरून वळायची.

सरपंचपद राखीव झालं, बौद्धवस्तीतली आक्काबाई निवडून आली, कचेरीत तिच्या नावाची पाटी लागली. खुर्ची मात्र आप्पा येईपर्यंतच तिची असायची. आप्पांची चप्पल दारात वाजली की तिचे पाय आपोआप सरळ व्हायचे. ती उठून भिंतीकडेच्या बाकावर जायची आणि रिकाम्या खुर्चीत आप्पा बसायचे. ऊठ, असं ते एकदाही म्हणाले नव्हते. तिथे बसून ते सभा चालवायचे, आणि वस्तीच्या नळाचा विषय निघाला की पुढच्या सभेत बघू म्हणायचे. वस्तीतल्या बाया अजून डोक्यावर हंडे घेऊन मळ्यातल्या विहिरीवर जात होत्या.

सून तेजश्री एकदा वैतागून म्हणाली होती, की त्यांनी हाताला धरून उठवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ते खरंच होतं. आक्काबाईला आप्पांपेक्षा स्वतःच्या पायांचाच राग जास्त यायचा. सोमवारी पुन्हा सभा होती आणि पुन्हा नळाचा विषय होता. या खेपेला उठायचं नाही, असं ती घर सोडल्यापासून मनाला बजावत होती. पण मनाला बजावून काय उपयोग, उठायचे ते पाय.

मघाशी सरपंचबाई या पाळण्यात बसणार म्हटल्यावर सदस्यांना हसू आवरेना. सदस्य साळूबाईने तर पदर धरून मागे ओढलं. बाईमाणसाला वर घेरी आली तर गावात तोंड कुठं दाखवायचं, असं आप्पा म्हणाले. आक्काबाईने चपला काढल्या, पदर खोचला आणि वर चढली.

आता तिचा दांडा बसल्यावर सगळे आप्पांकडे बघायला लागले. बोललं कोणी नाही. पण सरपंचबाई वर आणि उपसरपंच खाली, हे दिसायला काही बरं नव्हतं. आप्पांनी टोपी काढून ग्रामसेवकाच्या हातात दिली आणि पायऱ्या चढून आले. जागा एकच उरली होती. आक्काबाईच्या शेजारची.

ते समोर येऊन उभे राहिले मात्र, तिचे पाय सरळ झाले. तिने उठायला जोर केला. दांड्याने तिला तसंच दाबून धरलं. तिने पुन्हा जोर केला, पुन्हा तेच. आप्पा उभे होते आणि ती बसलेली होती. तिला दरदरून घाम फुटला. आप्पा जरासे घुटमळले, मग मुकाट्याने शेजारी बसले.

काही झालं नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही.

खुर्च्या वर निघाल्या. खालची माणसं बारीक होत गेली. टोकाला पोचल्यावर सगळं थांबलं. कानात वारा शिरत होता, लांबवर खाडीचं पाणी चमकत होतं. आक्काबाईला भीती वाटली. पण मघाशी आप्पा समोर उभे असताना जी भीती वाटली, तिच्यापुढे ही काहीच नव्हती. ती भीतीसुद्धा आपण बसल्या जागी काढली, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं.

"आक्के," आप्पांचा आवाज खोल गेला होता, "सोडायच्या आधी सांगत्यात का?"

"न्हाई आप्पा. सांगत न्हाईत."

आणि खुर्च्या सुटल्या.

तिने डोळे मिटले नाहीत. आपलं मनगट कोणीतरी आवळून धरलंय, हे तिला खाली आल्यावर कळलं. आप्पांचा हात होता. ज्यांच्या ओट्याची पायरी ती आजवर चढली नव्हती, त्या आप्पांचा. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते. पाळणा थांबला तरी त्यांची पकड सुटेना.

दांडे वर गेले. आप्पांनी डोळे उघडले, हात झटक्यात मागे घेतला आणि उठून तिच्या समोर उभे राहिले. धोतर सारखं करता करता त्यांचा आवाज पूर्ववत झाला.

"चल आक्के. ऊठ."

पहिल्यांदाच त्यांनी तोंडाने म्हटलं होतं. आक्काबाईने पायांचा अंदाज घेतला. पाय गप्प होते.

"तुम्ही व्हा पुढं, आप्पा," ती बसल्या जागेवरूनच म्हणाली. "आन् सोमवारी सभंला आलात की माझ्या शेजारी बसा. तुमची खुर्ची मांडून ठेवायला सांगते."