लाल ठिपका

गव्हाच्या शेतांमधल्या छोट्या गोल्फ मैदानावर दर बुधवारी संध्याकाळी गावातले पुरुष खेळायला जमत. बॉलवर प्रत्येकाची आपापली खूण असे. म्हाताऱ्या ओरेस्टची खूण लाल ठिपका. यंदा त्याला लांबचं धूसर दिसू लागलं होतं. हे कळलं तर मंडळी आपल्याला घरी बसवतील, या धास्तीने खेळ संपेपर्यंत त्याचा जीव टांगणीला असे.

आजही फटका मारल्यावर तळ्याकडून ‘डुबुक’ ऐकू आलं. तो तसाच पुढे चालू लागला.

“ओरेस्ट, बॉल इथे गवतात पडलाय तुझा,” पुढे गेलेला व्हर्न ओरडला. “नशीब काढलंस, लेका.”

ओरेस्ट धापा टाकत पोचला. खूण बघायला त्याने बॉल उचलला.

ठिपक्याचा रंग अजून ओला होता, आणि व्हर्नचा अंगठा लालभडक.